वाफसा न आलेले साल

वाफसा म्हणजे काय, हे मी तुम्हां शेतकरी मंडळींना सांगू लागलो तर तुम्ही हसाल. पण ही पुस्तिका शाळांतूनही वाचली जाते, म्हणून मुलांपुरते सांगतो. पाऊस पडून गेला, वरचे पाणी ओसरले, खालचे मुरले. मातीचे ढेकूळ हातात घेऊन दाबले तर बोटांना चिकटत नाही, आणि सोडले तर आपोआप फुटते. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. ही जी मधली अवस्था, तिला आपण वाफसा म्हणतो. वाफसा आला की नांगर चालतो, पाभर चालते, बी रुजते. इंग्रजी पुस्तके ह्या अवस्थेचे वर्णन करताना दोन-तीन ओळी खर्च करतात. आपले तीन अक्षरांत भागते.

आज मी तुम्हाला अशा एका सालाची हकीगत सांगणार आहे, की ज्या साली उत्तर युरोपच्या फार मोठ्या भागात वेळेवर वाफसा आलाच नाही. ते साल 1315. आपल्याकडे तेव्हा देवगिरीच्या यादवांचे राज्य मोडकळीला आले होते आणि दिल्लीच्या तख्तावर अल्लाउद्दीन खिलजी शेवटचे दिवस मोजत होता. 1316 च्या जानेवारीत तो मेला. म्हणजे काळ कोणता, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वसंतातला पाऊस आपल्याकडे नुकसान करतो तो वेगळ्या तऱ्हेने. फाल्गुन-चैत्रात आपला गहू कापणीला आलेला असतो, हरभरा खळ्यावर पडलेला असतो, आंब्याला मोहोर किंवा बाळकैऱ्या असतात. अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली, की हाताशी आलेले जाते. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट पुष्कळांच्या स्मरणात असेल. उत्तर युरोपात ह्याच्या उलट. तिथे हिवाळाभर जमीन गारठलेली असते आणि वसंत हा पेरणीचा हंगाम. आपला जसा मृग, तसा त्यांचा मार्च-एप्रिल. म्हणून तिथला ओला वसंत हाताशी आलेले पीक नेत नाही. तो पिकाला जन्मालाच येऊ देत नाही.

त्या काळची त्यांची शेती कशी होती ते पाहा. गावाच्या शिवाराचे पुष्कळ ठिकाणी तीन भाग केलेले असत. एका भागात शरद ऋतूत गहू किंवा राय नावाचे धान्य पेरायचे. दुसऱ्या भागात वसंतात जव, म्हणजे आपला सातू, तसेच ओट, वाटाणा आणि घेवड्याच्या जातीची कडधान्ये. तिसरा भाग पड. पुढच्या वर्षी भाग फिरवायचे. नांगर जड लाकडी, लोखंडी फाळाचा. चिकण मातीत त्याला आठ-आठ बैल जुंपीत. पाणी निचरावे म्हणून नांगरटच अशी करीत की शेतात उंच लांबट वरंबे आणि मध्ये खोल सऱ्या पडाव्यात. इंग्लंडात काही कुरणांतून अजूनही त्या जुन्या सऱ्या-वरंब्यांच्या लाटा दिसतात. म्हणजे निचऱ्याचे महत्त्व त्या लोकांना ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. पण सरीला पाणी वाहून न्यायला वेळ लागतो, आणि वरून पाऊस थांबायला लागतो.

1315 च्या वसंतात तो थांबला नाही. फ्रान्समध्ये एप्रिलपासूनच सततधार लागली. इंग्लंडातल्या बखरकारांनी पावसाची सुरुवात पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास सांगितली आहे. तो सण त्या वर्षी 11 मेला आला होता. मग मे, जून, जुलै, ऑगस्ट. पूल गेले, पाणचक्क्या वाहून गेल्या, नदीकाठची गवताची कुरणे पाण्याखाली गेली. ओक वृक्षांच्या खोडातली वर्षावर्षाची वर्तुळे मोजून शास्त्रज्ञांनी अलीकडे जुन्या काळच्या ओल्या-कोरड्या वर्षांचे नकाशे तयार केले आहेत. त्यांतही हीच वर्षे ओली दिसतात. बखरकार अतिशयोक्ती करतात, हे आम्हां इतिहासाच्या लोकांचे नेहमीचे रडगाणे. ह्या बाबतीत मात्र झाडांनीच त्यांच्या बाजूने साक्ष दिली.

आता, एवढ्या पाण्याने पिकाचे नेमके होते काय? पाऊस जास्त म्हणजे पीक जास्त, असे शहरातल्या माणसाला वाटते. बी म्हणजे जिवंत वस्तू आहे, तिला श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर ढकलली जाते, आणि बी मोड फुटण्याआधीच कुजते. दुसरे असे की ओली जमीन लवकर तापत नाही. सूर्याची ऊब पाण्याची वाफ करण्यात खर्च होते आणि माती थंडच राहते; थंड मातीत उगवण रेंगाळते. उगवले तरी पिवळे पडते, कारण नत्राचा काही भाग पाण्याबरोबर खोल निघून जातो आणि काही भाग वायू होऊन हवेत उडतो. शेणखताचे जे काही बळ दिले ते असे वाया गेले. शिवाय ओल्यात नांगर घातलाच, तर बैलांच्या खुरांनी आणि नांगराच्या तळाने माती थापली जाते, आणि उन्हे पडली की तिची वीट बनते. हे काळ्या रानातल्या शेतकऱ्याने पुष्कळदा अनुभवलेले आहे.

आणखी एक गोष्ट आहे ती जरा नवलाची. ओल्या वसंतात वाढलेल्या रोपाची मुळे वरवर राहतात. खाली हवा नाही आणि वर पाणी मुबलक, मग मूळ खोल जाईल कशाला? आणि पुढे एखादा कोरडा पंधरवडा आला की शेजारच्या निचऱ्याच्या शेतापेक्षा हेच पीक आधी माना टाकते.

तण मात्र मजेत असते. पडीच्या रानात एरवी उन्हाळ्यात दोन-तीनदा नांगर फिरवून तण मारीत. त्या साली नांगर शिरेनाच. म्हणजे 1315 च्या पावसाने 1316 च्या शेतातही तण पेरून ठेवले. पुढे शरदातल्या गव्हाच्या पेरणीचीही तीच गत झाली आणि 1316 चे पीक आदल्या वर्षापेक्षाही वाईट आले.

हे आपल्याला इतके तपशिलाने कळते कसे? दक्षिण इंग्लंडात विंचेस्टरच्या बिशपच्या मालकीची पुष्कळ गावे होती. त्या गावांचे कारभारी दर वर्षाचा हिशेब चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहून पाठवीत : बी किती पेरले, धान्य किती आले, बैल किती मेले. तेराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या ह्या गुंडाळ्या आज उपलब्ध आहेत. त्यांवरून विसाव्या शतकात इतिहाससंशोधकांनी पिकाचे प्रमाण काढले. एरवी एक माप गहू पेरला तर चार मापांच्या थोडे आत येत. 1315 साली अडीच मापे आली आणि 1316 साली दोनाच्या जरा वर.

शिक्षक मंडळींनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. चार पायल्या आल्या, त्यांतून पुढच्या पेरणीसाठी एक पायली बी काढून ठेवले, उरल्या तीन. आता पीक निम्मे झाले, दोनच पायल्या आल्या. बी मात्र तितकेच लागते, एक पायली. उरली एक. म्हणजे पीक निम्मे झाले, तर खायचे धान्य एक तृतीयांशावर आले! त्यातून चर्चचा दहावा हिस्सा द्यायचा, जमीनदाराचा खंड द्यायचा. आपल्याकडे ज्वारीचे एक कणीस शेकडो दाणे देते, म्हणून बियाण्याचा भार आपल्याला तितका जाणवत नाही. ज्यांचे उत्पन्न बियाण्याच्या चौपटच होते त्यांना प्रत्येक कमी आलेले माप थेट ताटातून जाई. दुष्काळाच्या इतिहासात पावसाची मापे आवर्जून दिलेली असतात, पण हे साधे वजाबाकीचे गणित क्वचितच दाखवलेले आढळते. आणि माझ्या मते 1315 ची सारी शोकांतिका त्या वजाबाकीत आहे.

पोट रिकामे असले की बियाण्याच्या कणगीकडे हात जातो. कोणाला दोष द्यायचा?

बरे, धान्य नाही तर दुसरे काही खावे, तर तिथेही पाऊस आडवा आला. गवत कापले पण वाळेना, गंजीत कुजले. मग हिवाळ्यात गुरांना काय घालायचे? जनावरे मारून मांस खारवून ठेवावे, तर मीठ महाग. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आपल्या उरण-वसईसारखीच मिठागरे होती; ऊनच नाही तर मीठ पिकणार कसे? जिथे समुद्राचे पाणी आटवून मीठ काढीत, तिथे जळण ओले. मेंढ्यांना ओल्या कुरणात चरून यकृतातल्या चपट्या जंतांची बाधा झाली. यॉर्कशायरमधल्या बोल्टन मठाच्या हिशेबात 1315 साली तीन हजारांवर मेंढ्या होत्या. 1317 साली 913 उरल्या.

राजेरजवाड्यांचीही ह्यातून सुटका झाली नाही. 1315 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड सेंट ऑल्बन्स येथे मुक्कामाला होता, तर त्याच्या लवाजम्याला पुरेशी भाकरी मिळणे मुश्किल झाले. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सचा राजा दहावा लुई मोठी फौज घेऊन फ्लँडर्सवर, म्हणजे आजच्या बेल्जमच्या त्या भागावर, चालून गेला. गाड्या आसापर्यंत चिखलात रुतल्या, तंबूंतून पाणी शिरले, आणि न लढताच फौज माघारी वळली. फ्लँडर्सच्या लोकांना पाऊस त्या दिवशी देवाचा मित्र वाटला असेल. पण त्यांच्याच मुलखातले ईप्र हे शहर घ्या. कापडाच्या विणकामावर जगणारे, धान्य विकत घेऊन खाणारे, वीस-पंचवीस हजार वस्तीचे. 1316 च्या मे महिन्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत नगरपालिकेने आपल्या खर्चाने 2794 प्रेते पुरली. सहा महिन्यांत दर दहा माणसांमागे एक. नगरपालिकेने पुरणाऱ्यांना मजुरी दिली, म्हणून हिशेबाच्या वहीत ही संख्या राहिली.

जवळच ब्रूज हे बंदराचे शहर. वस्ती ईप्रपेक्षा मोठी, तरी तिथे त्या साली अशा दफनांची संख्या 1938. फरक कशाने पडला? पाऊस उत्तरेत होता. आल्प्स पर्वताच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या बाजूला पीक बरे होते. ब्रूजच्या धक्क्याला दक्षिणेची गलबते लागत. नगरपालिकेने धान्य विकत घेतले आणि तोटा सोसून नागरिकांना विकले. दोन्ही शहरांवरचे आभाळ एकच होते.

इंग्लंडच्या पार्लमेंटनेही उपाय केला नाही असे नाही. 1315 च्या आरंभीच गुरे, मेंढ्या, डुकरे, कोंबड्या, अंडी ह्यांचे भाव बांधून दिले. विक्रेत्यांनी माल बाजारात आणणेच बंद केले आणि 1316 च्या आरंभी तो कायदा मागे घ्यावा लागला. गहू काही बाजारांत क्वार्टरला 40 शिलिंगांपर्यंत चढला. दुष्काळापूर्वी तो सहा-सात शिलिंगांच्या आसपास असे. इथे दिल्लीची आठवण होते. अल्लाउद्दीननेही भाव बांधले होते, पण त्याने दुआबातला सारा धान्याच्या रूपात वसूल करून सरकारी कोठारे भरली होती. पाऊस हुकला तरी दिल्लीचे भाव हलले नाहीत, असे बरनी हा इतिहासकार लिहितो. अल्लाउद्दीनचा कारभार जुलमी होता ह्यात शंका नाही, आणि शेतकऱ्याला तर त्याने पिळूनच काढले. पण नुसते भावपत्रक आणि भावपत्रकामागे भरलेले कोठार, ह्यांतला फरक त्याला एडवर्डपेक्षा नक्कीच जास्त कळला होता.

1317 च्या उन्हाळ्यात पावसाने उसंत घेतली. आता सारे सुरळीत झाले, असे पुस्तकात लिहिणे सोपे आहे. वाफसा आला, पण पेरायला बी कुठे होते? बैल कुठे होते? जे होते त्यांची हाडे वर आलेली. पाठोपाठ गुरांवर मोठी साथ आली. वर्णनावरून ती बुळकांडी असावी असे बहुतेक संशोधक मानतात. आपल्या आजोबा-पणजोबांनी बुळकांडीची धास्ती घेतलेली होती. जगातून ती नष्ट झाल्याची घोषणा 2011 साली झाली. ही साथ 1319-20 साली इंग्लंडात पोचली आणि अर्ध्याहून अधिक गुरे घेऊन गेली. आठ बैलांचा नांगर ओढायला चारही मिळेनात. गोठे पुन्हा भरायला दहा-बारा वर्षे लागली. सारे मिळून उत्तर युरोपातली दहा टक्क्यांच्या आसपास माणसे ह्या काळात गेली, असा पुष्कळ इतिहासकारांचा अंदाज आहे.

तीन शतके तिथली लोकसंख्या वाढत आली होती. चांगली निचऱ्याची जमीन केव्हाच लागवडीखाली येऊन गेली होती. मागाहून आलेल्या कुटुंबांनी चिकण मातीची, पाणथळीची, उतरणीची राने फोडली. कोरड्या वर्षी ही राने चांगली पिकत. म्हणून तर लोक तिथे राहिले. ओल्या वसंतात पहिला फटका त्यांनाच बसला.

चिकण जमिनीतल्या पाण्यावर खरा तोडगा निघायला पुढे पाच शतके गेली. तो तोडगा म्हणजे जमिनीखालून पाणी काढणे. तत्पूर्वी चर खणून त्यात दगड किंवा काटक्या भरीत, ते लवकर बुजत. 1843 साली जॉन रीड नावाच्या माळ्याने भाजलेल्या मातीची गोल नळी डर्बीच्या कृषिप्रदर्शनात मांडली. 1845 साली टॉमस स्क्रॅग ह्याने अशा नळ्या पाडण्याचे यंत्र केले, आणि त्या स्वस्त झाल्या. दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश सरकारने निचऱ्याच्या कामासाठी जमीनमालकांना 20 लाख पौंडांचे कर्ज मंजूर केले. अमेरिकेत तर त्याआधीच, 1838 साली, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हा गावाजवळ जॉन जॉन्स्टन ह्या स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने आपल्या शेतात नाल-आकाराच्या मातीच्या पन्हळी पुरल्या होत्या. हा वेडा मातीची भांडी शेतात पुरतो आहे, म्हणून शेजारी त्याची टिंगल करीत. पुढे त्याचे गव्हाचे उत्पन्न पाहून टिंगल करणारेच नळ्या विकत घेऊ लागले. इलिनॉय, आयोवा, ओहायो ह्या राज्यांतली अफाट पाणथळ राने अशाच नळ्यांनी शेतीत आली. आज ज्याला अमेरिकेचा मक्याचा पट्टा म्हणतात, त्याचा मोठा भाग जमिनीखालच्या नळ्यांवर उभा आहे.

ह्याच पट्ट्यात 2019 साली वसंत भलताच ओला निघाला. तिथे मका पेरायचा तो एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसागणिक उत्पन्न घटते, कारण शेवटी शरदातली थंडी काही तारीख पुढे ढकलीत नाही. एरवी 26 मेपर्यंत सरासरी 90 टक्के मका पेरून होतो. त्या साली 58 टक्के झाला होता, आणि इलिनॉयमध्ये जेमतेम 35 टक्के. त्या देशात नळ्या आहेत, ट्रॅक्टर आहेत, एका दिवसात शेकडो एकर पेरणारी यंत्रे आहेत. तरीही चाके रुततात म्हटल्यावर यंत्र बांधावर उभे. यंत्र मोठे असल्याचा तोटा असा की ते जडही असते, आणि ओल्या मातीला बैलाच्या खुरापेक्षा कितीतरी जास्त दाबते. अखेर ऑगस्टमध्ये सरकारी आकडे आले, तेव्हा 1 कोटी 94 लाख एकर जमीन पेरणीविना राहिली होती. त्यांतली 1 कोटी 12 लाख एकर मक्याची. एकट्या साउथ डकोटा राज्यात सुमारे 39 लाख एकर. 2007 पासून अशी नोंद ठेवू लागल्यानंतर इतकी जमीन कधी पडली नव्हती.

ह्या आकड्यांना वेगळे नाव आहे. तिथल्या सरकारी पीकविम्यात पीक बुडाल्याची भरपाई असते, तशीच 'पेरताच आले नाही' ह्याचीही असते. ठरलेल्या तारखेपर्यंत वाफसा आला नाही, तर शेतकरी तसे लेखी कळवतो, अधिकारी पाहणी करतो आणि ठरलेला हिस्सा मिळतो. तो पूर्ण पिकाइतका नसतो. कर्जे थकली, खते-बियाण्यांच्या दुकानांचा धंदा बसला, धान्य वाहणाऱ्या नावा पुराने मिसिसिपी नदीत अडकून पडल्या. नुकसान नव्हते असे कोणी म्हणू नये. पुष्कळांनी जुलैत त्या रिकाम्या शेतांत नुसते हिरवळीचे गवत पेरले, निदान तण तरी माजू नये म्हणून. पुढच्या एप्रिलसाठीचे मक्याचे बी त्यांना आपल्या कणगीतून काढावयाचे नव्हते. ते दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या आभाळाखाली पिकून पोत्यांत भरून येणार होते.